क्लाइनवेर्डाच्या झाडाला लागलेलं कुंकू

किस्से हे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. मुद्दाम एकही जमवलेला नसतो, टाकवत मात्र कुठलाच नाही, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर कोसळतात! येनाच्या हळदीकुंकवाला मी असाच एक सांगायला गेले, तर त्याच्या मागून सगळेच बाहेर आले. तिळगूळ संपला, चहा झाला, तरी कोणी उठेना. शेवटी एक मैत्रीण म्हणाली, "वहिनी, हे लिहून काढा बाई, म्हणजे आम्हाला घरी जाता येईल!"

तर हे सगळं आमच्या गावचं. क्लाइनवेर्डा. येनापासून बसने पाऊण तास. बस दिवसातून तीनदा, आणि शाळेला सुट्टी असली की त्यातली एक येतच नाही. आमचे हे येनाला भिंगांच्या कारखान्यात इंजिनिअर. शहरात घर मिळेना म्हणून "तात्पुरते" इथे आलो, त्याला आता डझनभर वर्षं होऊन गेली. गावात एक चर्च, एक तळं, बंबवाल्यांची एक शेड आणि अगदी मधोमध एक अवाढव्य लिंडनचं झाड. बेकरी होती, ती बंद झाली. आता मंगळवारी आणि शुक्रवारी पावाची गाडी येते, घंटा वाजवते आणि सगळं गाव बाहेर येतं. कोण बरं आहे, कोण आजारी आहे हे त्या गाडीवरच कळतं. मला एकदा ताप आला, दोन वेळा मी गेले नाही, तर तिसऱ्या वेळी पाववालीच दारात!

"फ्राऊ जोशी, आहात ना?"

म्हटलं, "आहे बाई."

"मग ठीक," म्हणाली, आणि न मागता एक पाव देऊन गेली.

*

आल्यानंतरचा पहिलाच रविवार. लख्ख ऊन पडलेलं. मी आनंदाने धुणं वाळत घातलं. शेवटचा टॉवेल दोरीवर टाकते तोच कुंपणापलीकडून आवाज आला, "आज रविवार आहे!"

शेजारच्या झिमरमान बाई. सत्तरीच्या, ताठ, दोन्ही हात कमरेवर. मला वाटलं, नवीन माणसाला वार सांगतायत. मी म्हटलं, "धन्यवाद."

बाई हलेनात. "रविवारी धुणं वाळत घालत नाहीत."

"का?"

"घालत नाहीत."

अहो, मला गहिवरूनच आलं! घरापासून इतक्या लांब, 'का' विचारल्यावर 'घालत नाहीत' एवढंच म्हणणारी बाई भेटली. थेट माझ्या सासूबाई! मी म्हटलं, "आमच्याकडे शनिवारी नखं कापत नाहीत."

"का?"

"कापत नाहीत."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मान डोलावली. मी धुणं काढून आत नेलं, आणि चार वाजता त्या प्लमचा केक घेऊन दारात हजर. तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलंच.

*

आता तो केक आला, तो नेमका संकष्टीला! बरोबर त्यांचे यजमान, ग्युंटरराव. ग्युंटरराव म्हणजे अगदी गरीब माणूस, बायको बोलत असली की तिची पर्स धरून उभा राहणारा. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की आज माझा उपास आहे, चंद्र दिसल्याशिवाय केक खाता येणार नाही.

झिमरमान बाईंचा चेहरा पडला. "अरेरे. म्हणजे दिवसभर काहीच नाही?"

"काहीच कसं नाही? गहू नाही, भात नाही, डाळ नाही, अंडं नाही."

"मग?"

"बटाटा चालतो."

"उकडलेला?"

"तळलेला. शिवाय शेंगदाणे, साबुदाणा, साजूक तूप, खजूर, दही, रताळं..."

ग्युंटररावांनी इतका वेळ पर्स धरली होती ती टेबलावर ठेवली. "आणि हे तुम्ही शिक्षा म्हणून करता?"

"नाही हो, श्रद्धेने!"

"आल्झो, तर मग," ते बायकोकडे वळून म्हणाले, "ह्याची नोंदणी कुठे करायची?"

त्या दिवशी त्यांनी साबुदाण्याचे सात वडे खाल्ले. अजूनही महिन्यातून दोन-तीनदा कुंपणाशी येऊन हळूच विचारतात, "आज आहे का?"

झिमरमान बाईंनी परतफेड म्हणून एकादशीला क्लोस पाठवले. क्लोस म्हणजे ह्या भागातले बटाट्याचे मोठाले गोळे, आत तळलेल्या पावाचे तुकडे घालतात. माझ्यासाठी त्यांनी पाव काढून टाकला होता. पण बाईंना चैन पडेना. "आत काही नसलेला क्लोस म्हणजे फसवणूक," म्हणाल्या. मी त्यांना गूळ-खोबऱ्याचं सारण दिलं. आता दरवर्षी गावच्या जत्रेत बंबवाल्यांच्या स्टॉलवर ते क्लोस असतात. गणपतीला मी तेच दाखवते. बाप्पाची काही तक्रार नाही.

*

गावचा इतिहास लिहिणारे एक गृहस्थ आहेत, ब्रॉयर गुरुजी. शाळेत शिकवायचे, शाळा बंद झाली, तेव्हापासून गावाची बखर लिहितात. झाडासमोरच घर, खिडकीत टेबल, टेबलावर वही. मी एकदा मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "गुरुजी, आपल्या गावात काय काय घडलं हो?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "दोन शतकांपूर्वी फ्रेंच सैन्य इथून गेलं."

"अरे वा! मग?"

"थांबलं नाही."

ती सल त्यांच्या मनात अजून आहे. पुढचं सगळं मग हवामान, सफरचंदाचं पीक, आणि भांडण.

भांडण म्हणजे वरची आळी आणि खालची आळी यांचं. वरच्या आळीत गाण्याचं मंडळ, खालच्या आळीत बंबवाले. तीस वर्षांपूर्वी गावाला एक सुंदर बाक मिळालं. ते झाडाखाली ठेवायचं ठरलं. वरचे म्हणाले, तोंड तळ्याकडे हवं. खालचे म्हणाले, रस्त्याकडे हवं, माणसं दिसतात. झालं! बाक गेलं बंबवाल्यांच्या शेडमध्ये, आणि तेव्हापासून गावात नाताळची झाडं दोन, वसंतातल्या होळ्या दोन. झाडाखाली तर कोणी फिरकतच नाही, न जाणो दुसरे आलेले असायचे!

आमचं घर नेमकं दोन्ही आळ्यांच्या मध्ये. त्यामुळे दोन्हीकडची निमंत्रणं येतात, आणि नेमका उपास असल्याने दोन्हीकडे मी केक खाऊ शकत नाही.

*

आता मूळ मुद्द्यावर येते.

वटपौर्णिमा. पुण्यात असताना वडाची फांदी विकत आणून घरात पूजा करायचो, ते मला कधीच आवडलं नाही. ज्याचं आयुष्य मागायचं त्याच्यासाठी झाडाची फांदी तोडायची? इथे वड नाही, पण तीनशे वर्षांचं लिंडन आहे, जूनमध्ये फुलांनी घमघमणारं, मधमाश्यांनी गुणगुणणारं. मी पहिल्याच वर्षी ठरवलं, हाच माझा वड.

हे म्हणाले, "अगं, आधी आम्टात विचारून परवानगी घ्यायला हवी. इथे प्रत्येक गोष्टीला फॉर्म असतो." आम्ट म्हणजे इथली सरकारी कचेरी.

मी म्हटलं, "सावित्रीने यमाला विचारलं होतं, आम्टाला नाही!"

दरवर्षी पहाटे पाचला जायचं. जूनमध्ये तेव्हा चांगलं उजाडलेलं असतं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पाणी, हळदकुंकू, आंब्याऐवजी जर्दाळू, पांढरं सूत, सात फेऱ्या. व्रताचा गाजावाजा कशाला करायचा? तीन दिवसांनी सूत सोडवून आणायचं, पाखरांच्या पायात अडकायला नको. कोरडी पिंजर पहिल्या पावसाने धुऊन जायची. इथे पाऊस काय, मागितला नाही तरी येतो.

पण चार वर्षांपूर्वी काय झालं, माझ्या नणंदेने कोल्हापूरहून ओल्या कुंकवाची बाटली पाठवली. वर लिहिलेलं, 'घामाने, पाण्याने निघणार नाही'. मी त्याचाच टिळा लावला. स्वस्तिक इथे काढायचं नाही हे ह्यांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, म्हणून आपला साधा गोल. पण तीनशे वर्षांचं झाड, त्याच्या कपाळाला शोभेल असा नको का? चांगला बशीएवढा काढला!

*

चौथ्या दिवशी झिमरमान बाई घंटा न वाजवता आत आल्या. असं त्या कधी करत नाहीत.

"फ्राऊ जोशी! लिंडन तोडणार आहेत!"

माझ्या हातातलं उलथनं गळालं. "कोण?"

"आम्टवाले! लाल खूण करून गेलेत!"

संध्याकाळी बंबवाल्यांच्या शेडमध्ये सभा. वरची आळी, खालची आळी, एका छपराखाली! ब्रॉयर गुरुजी वहीत भराभर लिहीत होते. मीही तावातावाने गेले. जर्मन अर्धं कळतं, अर्धं कळल्यासारखं वाटतं, म्हणून मी प्रत्येक वाक्याला जोरात "गेनाऊ!", म्हणजे 'अगदी बरोबर!', म्हणत होते.

बंबवाल्यांचा प्रमुख उठला. "जंगलखातं जे झाड तोडायचं त्यावर लाल ठिपका मारतं. न विचारता, न सांगता! ही दांडगाई आहे!"

"गेनाऊ!" मी म्हटलं.

"ज्या हाताने हे केलं तो हात शोधून काढला पाहिजे!"

"गेनाऊ!"

मग त्यांनी पडद्यावर फोटो लावला. आणि माझं गेनाऊ घशातच राहिलं. तो टिळा मी कुठेही ओळखला असता. खालच्या बाजूला माझ्या अनामिकेचा ओघळ होता!

मी उठून सांगणार होते, देवाशपथ. पण तोंड उघडायच्या आत 'लिंडन बचाव समिती' स्थापन झाली, आणि वरचा नको, खालचा नको, कोणीतरी तटस्थ हवं म्हणून सचिवपदी एकमताने माझी निवड!

घरी येऊन ह्यांना सांगितलं. चहा ह्यांच्या नाकातून आला.

"म्हणजे तुझ्याविरुद्धच्या समितीची तूच सचिव?"

*

सांगायचा प्रयत्न मी तीनदा केला.

पहिल्यांदा झिमरमान बाईंकडे गेले. त्या 'आमचं लिंडन' असा फलक रंगवत होत्या. सत्तरीची बाई जमिनीवर उकिडवी बसून अक्षरं गिरवते आहे, तिला कुठल्या तोंडाने सांगू? मी बसले आणि 'ल' रंगवला.

दुसऱ्यांदा गाण्याच्या मंडळात गेले. तिथे बंबवाले आलेले! त्यांच्यातले दोघे खर्जात उत्तम गातात हे तीस वर्षांनी कळलं होतं. तालीम रंगात आली होती. मी टाळ्या वाजवून परत आले.

तिसऱ्यांदा झाडाकडेच गेले. तर तिथे बाक! झाडावर पहारा ठेवायला शेडमधून काढून आणलेलं. तळ्याकडेही नाही, रस्त्याकडेही नाही, झाडाकडे तोंड करून! आणि त्यावर एकटे ब्रॉयर गुरुजी. त्या दिवशी गुरुवार होता, दत्तगुरूंचा वार. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

"गुरुजी, ते लाल... ते माझं आहे. ते कुंकू आहे."

"माहीत आहे."

"काय?"

"माझी खिडकी समोरच आहे, फ्राऊ जोशी. तुम्ही आलात त्या वर्षापासून बघतो आहे. सगळं वहीत आहे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

गुरुजींनी चष्मा काढला, सावकाश पुसला. "तीस वर्षं मी ह्या गावाचा इतिहास लिहितो आहे. पहिल्यांदाच काहीतरी घडतंय!"

*

इथपर्यंत गंमत होती. मग समितीच्या निषेधपत्राला आम्टाचं उत्तर आलं.

'आम्ही कोणत्याही झाडावर खूण केलेली नाही. तथापि आपण ह्या झाडाकडे लक्ष वेधल्याबद्दल आभारी आहोत. सदर झाडाची तपासणी करण्यात येईल.'

वसंतात एक साहेब आले. हातात लाकडी हातोडा, काखेत टॅबलेट. झाडाला चारी बाजूंनी ठोकून पाहिलं. तीन बाजूंनी टणटण, चौथ्या बाजूने ढब. साहेब म्हणाले, "आतून पोकळ आहे. रस्त्यावर आहे. तोडणं सोपं. ठेवायचं तर टेकू द्यावे लागतील, पट्टे बांधावे लागतील, दरवर्षी तपासावं लागेल. त्याला कारण लागतं. ह्या झाडाशी गावाची काही प्रथा जोडलेली आहे का?"

गाव एकमेकांकडे बघू लागलं. त्या पहाऱ्याआधीची तीस वर्षं कोणी झाडाखाली पाऊल ठेवलेलं नव्हतं!

त्या संध्याकाळी सभेत पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. वरचे म्हणाले, खालच्यांनीच रंग फासला. खालचे म्हणाले, पत्र लिहायची घाई कोणाला झाली होती? खुर्च्या सरकून दोन्हीकडे दोन ढीग झाले. मी मध्ये एकटी, सचिवाची वही घेऊन. माझ्या डोळ्यांना धारा. ज्या झाडापाशी मी ह्यांचं आयुष्य मागत होते, त्याच्याच जिवावर माझा टिळा उठला होता.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वटपौर्णिमा, सूत, बाटली, नणंद, सगळं. जर्मन चुकत होतं, तरी कोणी मध्ये बोललं नाही.

झिमरमान बाईंनी माझ्या कपाळाकडे बोट केलं. "हे तेच?"

"तेच."

"आणि तुमच्या कपाळावरून तरी निघतं का?"

"खोबरेल तेल लावावं लागतं."

ग्युंटरराव विचार करत म्हणाले, "म्हणजे आपण गेले आठ-नऊ महिने एका टिकलीशी भांडत होतो?"

आधी कोण हसलं ते गुरुजींनाही टिपता आलं नाही. वहीत नुसतं 'दोन्ही आळ्या हसल्या' असं आहे. मग ते उभे राहिले आणि मागच्या वह्या वाचू लागले. "जून, पौर्णिमा. सकाळी पाच वाजून दहा मिनिटं. फ्राऊ जोशी. सात फेऱ्या, उजवीकडून. पांढरा दोरा." दुसरं वर्ष. "पाऊस. छत्री नाही. सात." मधलं एक वर्ष. "तब्येत बरी दिसत नाही. पाचव्या फेरीनंतर बसल्या. उरलेल्या दोन पूर्ण केल्या." असं एकेक वर्ष.

"ही घ्या प्रथा," गुरुजी म्हणाले.

*

पण साहेब पक्के! वह्यांच्या नकला पाहून त्यांनी कळवलं, 'एका बाईचं व्रत ही प्रथा होत नाही. गावाने केलं तर ती प्रथा. जूनमध्ये स्वतः येऊन पाहीन.'

मी गुरुजींना म्हटलं, "मला खोटं बोलता येणार नाही हं. त्यातून उपासाच्या दिवशी!"

"खोटं कुठे आहे? जूनमध्ये गाव फेऱ्या घालेल, त्या खऱ्याच असतील."

मग काय, झिमरमान बाईंच्या ओसरीत मी गावातल्या बायकांना व्रत समजावून सांगितलं. यम सत्यवानाला घेऊन निघाला, सावित्री मागोमाग गेली, त्याला बोलण्यात गुंतवलं, आणि नवरा परत आणला.

झिमरमान बाई म्हणाल्या, "बोलून बोलून मृत्यूला जेरीला आणलं? एवढंच ना? ते मीही करेन."

"सहज!" ग्युंटरराव म्हणाले.

"आणि सात फेऱ्या कशाला?"

"सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून."

"हाच?"

"हाच."

बाईंनी ग्युंटररावांकडे पाहिलं. ते कपाळावरचा चष्मा खिशात शोधत होते.

"सात म्हणजे फारच झाले," त्या म्हणाल्या. "तीनवर नाही का चालत?"

*

वटपौर्णिमेचा दिवस उजाडला. रात्रभर पाऊस, सकाळी ऊन. झाड फुलांनी वाकलेलं. आणि बायका! वरच्या आळीच्या, खालच्या आळीच्या, रांगेने उभ्या. मी पांढरं सूत सांगितलं होतं, पण ह्या विणकाम करणाऱ्या बायका, प्रत्येकीने आपापली लोकर आणलेली. लाल, निळी, मोरपंखी! बंबवाल्यांनी रस्ता अडवलेला. त्यात पावाची गाडी अडकली, तर पाववाली उतरून रांगेत शिरली. मी प्रत्येकीला हळदकुंकू लावलं, आणि ह्या वेळी कोरडंच!

साहेब टॅबलेट घेऊन उभे. सरळ माझ्याकडेच आले. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि एक खोटा शब्द पुरे होता सगळं वाया घालवायला.

"ही प्रथा किती जुनी आहे?"

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी आकाशाकडे बघत होते. मग मी म्हटलं, "फार जुनी. माझ्या पणजीची पणजीसुद्धा करायची."

साहेबांनी लिहून घेतलं. मला सांगा, ह्यात काय खोटं होतं?

फेऱ्या सुरू झाल्या. लोकरीचे रंग एकमेकींत गुंफत झाडाभोवती चढू लागले. सगळं कसं मंगल चाललेलं, आणि तेवढ्यात बघते तर समोरून झिमरमान बाई! सगळ्या बायका एका दिशेने, आणि ह्या एकट्या उलट्या दिशेने, कोपरांनी वाट काढत!

मी धावले. "बाई, उलट्या फिरताय तुम्ही!"

"माहीत आहे मला. उजवीकडे फिरवलं की घट्ट होतं, डावीकडे फिरवलं की सैल. सगळं आयुष्य यंत्रशाळेत काढलंय मी."

"पण बाई..."

"पंचेचाळीस वर्षं घट्ट आहे. जरा सैल करते."

ग्युंटरराव पर्स धरून बाकाशी उभे होते. "करू दे तिला," म्हणाले. "सुटलो तर दोघेही सुटू!"

बाईंनी मोजून सात उलट्या फेऱ्या घातल्या. थांबल्या. धापा टाकत ग्युंटररावांकडे पाहिलं. ते उन्हात डोळे मिचकावत उभे, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. बाईंनी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहत नाही असं त्यांना वाटलं, आणि लोकर दुसऱ्या हातात घेऊन निमूटपणे सात सरळ फेऱ्या घातल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"सैल करून तसंच सोडत नाहीत," त्या फणकारल्या. "निखळला बिखळला म्हणजे?"

साहेब मात्र सगळं पाहत होते. चौदावी फेरी होईपर्यंत ते मोजत होते. मग टॅबलेटवर काहीतरी लिहिलं, झाडाला हलकेच हात लावला, पाववालीकडून एक पाव घेतला आणि निघून गेले.

*

झाड राहिलं. टेकू आले, पट्टे आले. बाक अजून झाडाकडेच तोंड करून आहे. झाड वाचावं म्हणून बोललेले सोळा सोमवार मी पुरे केले, आणि ग्युंटररावांनी त्यातल्या बहुतेक सोमवारी हजेरी लावली.

आणि झाडापाशी आम्टाने एक पितळी पाटी लावली. वर झाडाचं नाव, खाली वय, आणि त्याखाली: 'जूनच्या पौर्णिमेला गावातील स्त्रिया ह्या वृक्षाभोवती सात फेऱ्या घालतात. दोन्ही दिशांनी.'

गेल्या जूनमध्ये येनाहून मुग्धा आली होती. नवी नवरी, लग्नाला तीन महिने झालेले, नवरा तिकडे विद्यापीठात संशोधन करतो. पहिलीच वटपौर्णिमा. हिरवी साडी, वर रेनकोट, हातात सूत. आईने फोनवर सगळं समजावलेलं, तरी पोरगी पाटीसमोर उभी राहून दोनदा वाचत होती.

"काकू," ती मला म्हणाली, "इथे तर दोन्ही दिशांनी लिहिलंय. मी कुठून फिरू?"

मी काही बोलायच्या आत रांगेतून झिमरमान बाई पुढे आल्या. तिला काय प्रश्न पडलाय, ते त्यांनी मला विचारून घेतलं. मग तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. तिचं सूत तिच्या उजव्या हातात नीट धरायला लावलं.

"पहिलंच वर्ष ना?" म्हणाल्या. "मग सरळ फीर. पुढचं पुढे बघू!"